दोन इंचांची तार

घरातले दिवे गेले की मराठी माणूस मेणबत्ती शोधत नाही. आधी गॅलरीत जातो. समोरची इमारत काळोखात, कोपऱ्यावरचा वाणी काळोखात, रस्त्यावरचे दिवेही गुल, असं दिसलं की तो आत वळून समाधानानं जाहीर करतो, "सगळ्यांची गेलीय!" मग कुणालाच घाई नसते. मुलं वह्या मिटतात, खुर्च्या गॅलरीत येतात आणि वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडण्यात अर्धा तास छान जातो. पण समोर लख्ख उजेड असेल, शेजारच्या भिंतीपलीकडून मालिकेतल्या सासूबाई ऐकू येत असतील, तर प्रकरण वेगळं. "आपलीच गेलीय" हे वाक्य हलक्या आवाजात बोललं जातं. अंधाराचं काही नाही, अब्रूचा प्रश्न असतो. बिल थकलं म्हणून कापली असा कुणाचा समज होऊ नये, यासाठी घरातलं एक माणूस मुद्दाम दार उघडून जिन्यात मोठ्यानं म्हणतं, "मेन फ्यूज उडाला वाटतं!"

बहुतेक वेळा तो खरोखरच उडालेला असतो.

हा मेन फ्यूज म्हणजे चिनी मातीचा एक पांढरा ठोकळा, त्याला पितळी पाती, आणि दोन स्क्रूंच्या मधे ताणलेली कल्हईच्या तांब्याची तार, जेमतेम दोन इंच. वायरमन मंडळी त्याला किटकॅट म्हणतात. तिकडे पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेची यंत्रं १९६२ पासून फिरताहेत. धरणाचं पाणी सह्याद्रीतल्या बोगद्यांतून खाली कोसळतं, त्याची झालेली वीज मनोऱ्यांवरून लाखो व्होल्टच्या दाबानं मैलोगणती धावते, उपकेंद्रांत ३३ हजार, ११ हजार अशा पायऱ्या उतरते आणि गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून २३० व्होल्ट होऊन आपल्या जिन्याखाली पोचते. धरण टिकलं, बोगदे टिकले, मनोरे वादळात उभे राहिले. शेवटच्या दोन इंचांनी मान टाकली.

पण त्या तारेची नेमणूकच मान टाकण्यासाठी झालेली असते. एडिसननं १८८० साली विजेच्या दिव्यांसाठी अशा सुरक्षा-तारेचं पेटंट घेतलं तेव्हा त्यामागचा विचार सरळ होता: प्रवाह हाताबाहेर गेलाच तर कुठे तुटायचं ते आपण आधीच ठरवून ठेवावं, आणि ती जागा स्वस्तातली असावी. घरात काहीतरी मुद्दाम कमजोर ठेवायचं, ही ती कल्पना. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांनी ती मनापासून कधीच स्वीकारलेली नाही. ज्या घरात दाराला तीन कड्या आणि कपाटाला दोन कुलपं असतात, त्या घराला अशक्त तार कशी रुचावी?

इमारतीची मीटर रूम जिन्याखाली असते. म्हणायला खोली, प्रत्यक्षात सोसायटीला फेकवत नाहीत आणि वापरवत नाहीत अशा वस्तूंचा तिथे कायमचा मुक्काम. तीन वर्षांमागचं गणपतीचं मखर, रंगाचे अर्धे डबे, एक चाक गेलेली बाबागाडी, वॉचमनची सायकल. '४४० व्होल्ट धोका' या पाटीवरच्या कवटीला कुणीतरी झुपकेदार मिशा काढलेल्या असतात. पाटीखालीच मांजर व्यालेली. मीटरांवर फ्लॅटचे नंबर कधीकाळी खडूनं लिहिलेले होते, त्यामुळे आता कुठला मीटर कुणाचा हे शोधायची पद्धत एकच: एकेक किटकॅट उपसून पाहायचा. तीन मजल्यांवरून "अहो, आमची गेली!" अशा आरोळ्या येतात. जिच्या घरातून आरोळी येत नाही, ती पार्टी आपली.

एवढ्यात वायरमन येतो. म्हणजे फोनवर तो केव्हाच 'निघालेला' असतो, पण येतो आता. खिशात टेस्टर. या टेस्टरनं तो रंगाचा डबा उघडतो, स्क्रू पिळतो, क्वचित कानही कोरतो. पण त्याचं मूळ काम बघण्यासारखं आहे. मागच्या टोपीवर बोट ठेवलं की विजेचा अगदी नगण्य प्रवाह आतल्या मोठ्या रोधातून आणि निऑनच्या बारक्या दिव्यातून जात वायरमनच्या अंगामार्फत जमिनीला पोचतो, तेव्हा तो दिवा लाल होतो. म्हणजे तुमच्याकडे वीज आहे की नाही, हे सांगण्यासाठी तो स्वतःच काही क्षण तिचा रस्ता होतो. याचं ज्ञान गिऱ्हाइकाला नसतं, म्हणून पुढे पैशांची घासाघीस निर्धास्तपणे करता येते.

किटकॅट हातात घेऊन वायरमन पहिलं वाक्य उच्चारतो, ते ठरलेलं आहे. "हे काम कुणी केलंय?"

हा प्रश्न नसतो, निकाल असतो. आधीच्या वायरमनबद्दल चांगलं बोलणारा वायरमन अजून मीटर रूममध्ये उतरलेला नाही. आता कधीकधी असं होतं की आजीबाई मागून सांगतात, "अरे, तूच नव्हतास का केलंस, ठमीच्या लग्नाच्या वेळी?" तरी तो डगमगत नाही. "तेव्हा बरोबरच होतं, आजी. लोड तुम्ही वाढवला."

तो वाचतो मात्र छान. तार मधोमध वितळून दोन्ही टोकं जागेवर राहिली असतील, तर लोड जास्त झाला. तांबं उडून चिनी मातीवर काळा डाग पडला असेल, तर कुठेतरी शॉर्ट. स्क्रूच्या तोंडाशी जळली असेल, तर स्क्रू सैल राहिला होता, म्हणजे पुन्हा मागचा वायरमन. तारेच्या त्या उरलेल्या तुकड्यांवरून घरात काल रात्री काय घडलं हे त्याला आधी कळतं. उलटतपासणी तो नंतर करतो.

"त्या वेळी काय काय चालू होतं?"

"काहीच नाही हो. नुसता पंखा."

जगात कुठलाही मेन फ्यूज नुसत्या पंख्यानं गेलेला नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. मग वायरमन शांतपणे वर येतो, बाथरूममध्ये डोकावतो, किचनच्या ओट्यावर नजर फिरवतो. गीझर, दोन हजार वॉट. २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर. "तो बंदच होता." गीझर हाताला गरम लागतो. इंडक्शनची शेगडी, आणखी नऊ. "ती आम्ही क्वचित लावतो." शेगडीवर अर्धी शिजलेली उसळ असते. इस्त्री चार, मायक्रोवेव्ह पाच. बेडरूमचं दार लोटलेलं असतं. वहिनी म्हणतात, आत पसारा आहे. आत एसी आहे, दीड टनाचा, चालू झाला की सहा-सात अँपिअर ओढणारा, भावजींकडून जुना आलेला आणि कुणालाही न सांगता भिंतीत बसवलेला. बेरीज तेहेतीसच्या घरात जाते. मेनमधली तार पंधराची, म्हणजे जाडीला अर्धा मिलिमीटर. तिचा सोशिकपणा एवढा की पंधराच्या दुपटीपर्यंत ती बिचारी तग धरते. त्यापुढे तिचाही नाइलाज.

विजेच्या बिलावर 'मंजूर भार' नावाचा एक आकडा छापलेला असतो. बिलाची रक्कम मागच्या महिन्यापेक्षा किती वाढली हे भिंग लावून पाहणारे लोक त्या आकड्याकडे कधी बघत नाहीत. घर घेतलं तेव्हा दिवे, पंखे आणि एक फ्रिज धरून तो लिहिला गेला; त्यानंतर घरात सून आली, एसी आला, नातू आला, वॉशिंग मशीन आलं. रेशनकार्डात नावं चढली. मंजूर भार तसाच राहिला.

हे झालं एका घराचं. सबंध इमारतीच्या मेनचा सण म्हणजे नरकचतुर्दशी. एरवी माणसं सवडीनं आंघोळी करतात. पण त्या दिवशी सूर्योदयाच्या आत अभ्यंगस्नान झालं नाही तर थेट नरक, अशी तंबी असल्यामुळे पहाटे साडेचारला चोवीस फ्लॅटांतले चोवीस गीझर एका मुहूर्तावर सुरू होतात. नुसते गीझरच अठ्ठेचाळीस किलोवॉट झाले. तीन फेजवर अगदी समसमान वाटले तरी एकेका फेजवर सत्तर अँपिअर. वर आकाशकंदील, माळा, केस वाळवायची यंत्रं, आणि अंगाचं उटणं निघावं म्हणून न थांबता चाललेला पाण्याचा पंप. इमारतीचा मुख्य फ्यूज त्रेसष्टचा. तो किटकॅट नसतो. चिनी मातीची बंद नळी, आत चांदीची किंवा तांब्याची पट्टी आणि भोवती गच्च भरलेली वाळू. पट्टी वितळली की उठणारी ज्वाला वाळू गिळून टाकते. काम अत्यंत सभ्यपणे होतं. तरी पाचच्या सुमारास खालून 'फट्' असा आवाज येतोच. फटाका समजून कुणी लक्ष देत नाही.

दिवे मात्र एक तृतीयांश घरांचेच जातात, कारण फेज एकच गेलेला असतो. इथून समाजशास्त्र सुरू होतं. अंगाला तेल-उटणं चोपडलेली, पंचे गुंडाळलेली मंडळी बॅटऱ्या घेऊन जिन्याखाली जमतात. चेअरमनसाहेबांना अशा अवस्थेत पाहण्याचा योग वर्षातून एकदाच येतो. एकाची आंघोळ झालेली असते. कारीट फोडून, नवा सदरा घालून, तो सगळ्यांना धीर देतो. त्याच्याविषयी जमावात काय भावना असते ती सणाच्या दिवशी लिहू नये. ज्यांच्या घरात उजेड आहे ते आधी वरूनच हळहळतात. पाच मिनिटांनी तेही खाली येतात, कारण त्यांचे नळ फुसफुसायला लागलेले असतात. पंप तीन फेजचा; एक फेज गेला की मोटार जळू नये म्हणून पॅनेलमधला प्रिव्हेंटर तिला बंद करतो. लिफ्टचंही तेच. एकाच्या अंधाराची झळ दुसऱ्याला बसण्याची ही एवढी चोख व्यवस्था सोसायटीच्या उपविधींतसुद्धा नाही.

वायरमनला फोन लागतो. तो घरी पाटावर बसलेला असतो, बायको पाठीला तेल लावत असते. "दादा, तेल लागलंय हो अंगाला." "अहो, आम्हालाही!" हा युक्तिवाद बिनतोड असतो. तो येतो, हात तीनदा पुसतो, नळी बाहेर काढून हलवतो आणि सांगतो की अशी नळी फेकायची, हिच्यात तार घालता येत नाही, आणि दुकान उघडेल भाऊबीजेनंतर.

मग कुणीतरी तो प्रस्ताव मांडतं. "आमचा लोड पिवळ्यावर टाका की तात्पुरता."

तांबडा फेज गेलाय, पिवळा आणि निळा जिवंत आहेत. तांबड्यावरची आठ घरं पिवळ्यावर सरकवली की काम झालं. वायरमन नको म्हणतो. पिवळ्यावर आधीच सत्तर आहेत, त्यात आणखी सत्तर घातले तर तोही जाईल, हे तो दोनदा सांगतो. सेक्रेटरी म्हणतात, "आंघोळीपुरतं." पिवळ्यावरच्या एका घरातून निषेधाचा सूर निघतो, त्याला सणासुदीला माणुसकी विसरू नये असं बजावलं जातं. वायरमन मान हलवत तारा बदलतो. आठ घरांत उजेड येतो, टाळ्या पडतात, सोळा गीझरांचे लाल दिवे एकदम लागतात. चारेक मिनिटांनी पुन्हा 'फट्'. आता निळ्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. निळ्यावरच्या लोकांनी तोवर मीटर रूमच्या दारात कडं केलेलं असतं, पण सोळा घरांपुढे आठांचं काय चालणार? साडेसहाला सूर्य उगवतो तेव्हा तिन्ही फेज समान पातळीवर आलेले असतात, आणि चेअरमनसाहेब बादलीभर थंड पाण्यानं नरकाची वाट बंद करत असतात.

एरवी जो प्रस्ताव येतो, तो याहून धोक्याचा आहे. नवी तार घालताना घरमालक वायरमनच्या खांद्यावर वाकून म्हणतो, "जरा जाड घाला हो. सारखं नको जायला." किंवा, "दोन पदर घाला." पैशाचा प्रश्न नसतो, दोन पदरांचे पैसे द्यायला तो तयार असतो. जुने वायरमन सांगतात की किटकॅट उघडल्यावर काय काय सापडतं: सिगारेटच्या पाकिटातली चांदी, स्टोव्हची पिन, बांधकामाची बाइंडिंग वायर, एखाद्या घरात चक्क खिळा. घरमालकाच्या दृष्टीनं ते दुरुस्तीचं काम असतं. खिळा वितळत नाही हे खरंच आहे. पण प्रवाह वाढला की काहीतरी तापणारच. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, प्रवाह दुप्पट झाला की ती चौपट. फ्यूजनं नकार दिला की ती जबाबदारी भिंतीतल्या वायरवर येते. तीही तारच आहे. फरक एवढाच की ती लाकडी केसिंगमधून, पडद्यांच्या मागून आणि आजोबांच्या फोटोखालून गेलेली असते.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत आणखी एक गंमत असे. बोर्डावर किटकॅट दोन: एक फेजला, एक न्यूट्रलला. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त, असा कुणाचा तरी हिशेब. आता न्यूट्रलमध्ये फ्यूज घालायची परवानगी नाही, कारण तिथली तार तुटली की दिवे जातात पण वीज जात नाही. एखादा बल्ब जोडलेला असला की त्याच्यातून फिरून ती न्यूट्रलमध्ये येऊन बसते. अशा वेळी सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. घरमालक चक्रावतो. एका भोकात असायची ती दोन्हीकडे आहे, म्हणजे दुप्पट वीज आहे, मग पंखा का फिरत नाही? इथे नवशिका वायरमन अर्धं घर उकलून ठेवतो. जुना वायरमन न्यूट्रलचा किटकॅट उपसतो, विडी पेटवतो आणि दहा मिनिटं लागल्याचं दाखवतो.

मीटरच्या आधी आणखी एक फ्यूज असतो, शिक्का मारलेला. तो पुरवठा करणाऱ्यांचा. फेजच्या प्रत्येक तारेला ग्राहकाच्या जागेत आगीला दाद न देणाऱ्या पेटीत कट-आउट बसवून देणं हे त्यांचं कर्तव्य, असं सुरक्षा नियमच सांगतात. तो गेला की आपला वायरमन हात मागे घेतो. "हा आपला नाही." तक्रार नोंदवली की तिकडून माणूस येतो, मीटरच्या पुढचा फ्यूज बघतो आणि म्हणतो, "हा आमचा नाही." दोघेही नियमाला धरून बोलत असतात. मीटर मधे फिरायचा थांबलेला असतो आणि त्याच्या मते तो कुणाचाच नसतो.

शहराबाहेर हा कारभार खांबावरच्या डीपीशी चालतो. थ्री फेज रात्री येते, साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम उचलतात, आणि डीपीच्या पेटीत फ्यूज वायर म्हणून ॲल्युमिनियमचे चार पदर पिळलेले असतात. फ्यूज जात नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. अंधारात काठीनं तिथे खटपट करायला गेलेला माणूस घरी येईलच असं नसतं, त्यामुळे त्याच्यावर मला विनोद करता येत नाही.

पैशांकडे येऊ. तार पाच रुपयांची नसते, वायरमन तीनशे मागतो. "एवढ्याशा तारेचे?" हा सवाल शंभर वर्षं तरी तसाच असावा. तार कुठे, केवढी आणि कुणाचा हट्ट मोडून घालायची याचे तीनशे, असं उत्तर त्याला सुचत नाही, तो म्हणतो, "सणाचं आलोय, वहिनी." अडीचशेवर तुटतं. वर फराळाची पिशवी मिळते, तिच्यात चकल्या मोजून घातलेल्या असतात.

आता घराघरांतून किटकॅट चालले आणि एमसीबी आले. जर्मनीत मॅनहाइमच्या हुगो श्टोट्झ यांच्या कारखान्यानं १९२४ साली त्याचं पेटंट घेतलं. आपल्या जिन्याखाली पोचायला त्याला पुढे बरीच वर्षं लागली. आत दोन पहारेकरी आहेत: लोड हळूहळू वाढला तर तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी, आणि शॉर्ट झाला तर तत्क्षणी खटका ओढणारं वेटोळं. तार घालायची नाही, पेचकस नको, खटका वर केला की वीज परत. घरोघरी पहिली दुरुस्ती यातून सुरू झाली ती अशी की खटका पडला की वर करायचा, पडला की वर करायचा, आणि सहाव्यांदा तो अंगठ्यानं वर दाबून धरायचा. काहींनी सुतळीनं बांधून पाहिला. त्यानं फरक पडत नाही. दांडी बाहेरून वर धरली तरी आतला सांधा सुटतो, अशीच त्याची रचना आहे. यंत्र बनवणाऱ्यांना आपल्याबद्दल आधीच कुणीतरी लिहून कळवलं असावं.

त्यामुळे घरमालक काही दिवस हताश असतो. मग वायरमनला बोलावतो, नव्या चकचकीत डब्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "याच्यात दोन पदर घालायची काही सोय नाही का?"

वायरमन नाही म्हणतो, पिशवी उचलतो आणि जातो. पण बत्तीसचा काढून त्रेसष्टचा एमसीबी बसवून देणारा दुसरा एक वायरमन गल्लीच्या टोकाला राहतो, आणि त्याचा नंबर वॉचमनकडे आहे.